ट्रॅक्टरास हायड्रॉलिक अवजारें जोडण्याची रीत

पलटी नांगर व उलटती ट्रॉली हीं अवजारें ट्रॅक्टरच्या तेलाच्या दाबावर चालतात. तीं जोडणें म्हणजे नळ्यांचीं तोंडें एकमेकांत बसविणें एवढेंच काम, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु नळींत कोंडलेला दाब न ओळखल्यास हात गमावण्याची पाळी येते. म्हणून ही रीत क्रमानें समजून घेणें अगत्याचें आहे.

बंद जागेंतील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पसरतो, हा नियम पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७ व्या शतकांत मांडला. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरास १५० किलोपर्यंत चढला असें धरूं. जॅकच्या दट्ट्याचा व्यास ८ सेंटिमीटर असल्यास त्याचें क्षेत्रफळ सुमारें ५० चौरस सेंटिमीटर भरतें. म्हणजे दट्ट्यावर सुमारें ७,५०० किलोंचा जोर येतो.

जोडणीपूर्वी ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करून ब्रेक लावावा, अवजार जमिनीवर टेकवावें व इंजिन बंद करावें. मग हायड्रॉलिकची लिव्हर दोनचार वेळां मागेंपुढें करावी. इंजिन थांबलें म्हणजे दाब गेला असें होत नाहीं. लिव्हर हालविल्यानें कोंडलेलें तेल टाकीकडे परततें. अवजार उन्हांत उभें असल्यास त्याच्या नळींतील तेलही तापून फुगतें. कपलर बसत नसेल तर बहुधा दाब शिल्लक असतो. तो हातोडीनें ठोकूं नये.

दोन्ही तोंडें स्वच्छ फडक्यानें पुसावीं. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरपेटीचें व हायड्रॉलिकचें तेल एकच असतें; आंत गेलेली माती पंपासहित सर्वच भाग झिजविते. कपलर बसल्यावर नळी हलकेच ओढून पाहावी. ट्रॉली आपल्या भारानें खालीं येते, तीस बहुधा एकच नळी पुरते. पलटी नांगरास दोन लागतात. त्यांची अदलाबदल झाल्यास लिव्हरचें काम उलटें होतें, यास्तव रंगाची खूण करावी. वळणावर ताण न येईल व चाकास न लागेल इतकीच नळी सैल ठेवावी.

गळती हातानें कदापि चांचपूं नये. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांतून निघालेली धार कातडी भेदून आंत शिरते. जखम टांचणी टोंचल्यासारखी दिसते, पण आंतील मांस नासतें. गळती पुठ्ठ्याच्या तुकड्यानें शोधावी. तेल शिरलेंच तर दुखण्याची वाट न पाहतां, शस्त्रक्रियेची सोय असलेलें रुग्णालय तत्काळ गांठावें. तसेंच उचललेल्या ट्रॉलीखालीं भक्कम टेकू दिल्यावांचून शिरूं नये.

ट्रॅक्टर मालकाचा असला तरी नळी जोडणारा हात बहुधा गड्याचा असतो. हा क्रम मालकानें स्वतः जवळ उभें राहून त्यास शिकवावा.