जपानमधील एका नावाची गोष्ट



आपले वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवीत व शब्बाथ पाळून शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. ते धंद्यावरून पडलेले नाव. आज तेच नाव आम्ही नातवंडांना अभिमानाने सांगतो. जपानात मात्र उलटे घडले; चांगल्या हेतूने दिलेली नावे तेथे बिघडत गेली. या पाठात त्याचा विचार करू.

जनावरे सोलणे, कातडी कमावणे अशी कामे करणाऱ्यांना तेथे पूर्वी 'एता' म्हणत. हा शब्द ज्या अक्षरांनी लिहीत त्यांचा अर्थच मुळी 'फार विटाळ' असा आहे. 1871 साली मेजी सरकारने फर्मान काढून हे नाव रद्द केले व या लोकांना 'हेइमिन', म्हणजे सामान्य प्रजाजन, ठरविले. पण लोकांनी त्यापुढे 'शिन' जोडले. शिन-हेइमिन म्हणजे नवे प्रजाजन. काही ठिकाणी ते सरकारी कुटुंब-नोंदवहीतही चढले! 'नवा' हा किती निरुपद्रवी शब्द, पण त्याचीच शिवी झाली. पुढे अधिकारी 'खास बुराकु' म्हणू लागले. बुराकु म्हणजे आपल्या कोकणातली वाडीच. तोही शब्द मळला.

मग 3 मार्च 1922 रोजी क्योतो येथे या लोकांनी 'सुइहेइशा' ही समतेची संघटना स्थापिली. त्यांनी आणखी एखादे सभ्य नाव मागितले नाही. आपण एता आहोत याचाच अभिमान धरावा, असे त्यांनी जाहीर केले. मुंबईत 1972 साली निघालेल्या दलित पँथरने 'दलित' शब्द असाच ताठ मानेने मिरविला.

तथापि 1975 साली उघडकीस आले की, अशा वस्त्यांच्या गावनावांच्या याद्या जपानी कंपन्यांना गुपचूप विकल्या जात आहेत. उमेदवार कोठला, हे त्यावरून ताडता येई. शिवीची गरजच उरली नव्हती. पत्ता पुरे होता. आमच्या मते खरी मेख येथे आहे. 1962 ते 1964 या काळात इस्राएलात लग्ननोंदणीच्या वेळी 'बेने इस्राएल' हे आपले नावच चौकशीचे कारण झाले होते, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

जपानच्या ईशान्य भागातल्या खेड्यांत मात्र 'आमचा बुराकु' म्हणजे आजही आमची वाडी, एवढेच.