वॉकी-टॉकीची रेंज वाढवायचीय? आधी खर्च नको, आधी सवय बदला



मंडप, केटरिंग, पार्किंगच्या धंद्यात उतरणारे बरेच जण विचारतात, "सर, वॉकी-टॉकीचा आवाज तुटतो. मोठा अँटेना बसवू का?"

जरा थांबा. मुरुडच्याच एका लग्नात मी पण हेच करायला निघालो होतो. पार्किंगवरच्या पोराचा निरोप स्वयंपाकाकडं पोचेना, पंगत खोळंबली, पाहुणे चिडले. दुसऱ्या दिवशी नीट बघितलं तर सगळ्यांचे सेट कमरेला, आणि स्वयंपाक पत्र्याच्या शेडमध्ये! दोष अँटेनाचा नव्हताच.

फुकटात करायच्या चार गोष्टी

१. सेट कमरेवरून काढून तोंडासमोर धरा. आपलं शरीर लहरी शोषून घेतं.

२. अँटेना उभा ठेवा, बोलणाऱ्याचाही आणि ऐकणाऱ्याचाही. एक उभा, एक आडवा असेल तर सिग्नल पडतो. अँटेना मुठीत धरू नका.

३. पत्रा, गाडी, लोखंडी कपाट यांपासून दूर या. दोन पावलं सरकलं तरी फरक पडतो.

४. उंची घ्या. मोकळ्या रानात दीड मीटर उंचीवरून लहरींचं क्षितिज साधारण ५ किलोमीटरवर असतं, ६ मीटरच्या गच्चीवरून १०. म्हणजे चौपट उंचीला दुप्पट अंतर. गावात भिंती आडव्या येतात, त्यामुळं प्रत्यक्षात रेंज बरीच कमी मिळते. म्हणून निरोप पुढं सांगणारा एक माणूस गच्चीवर ठेवा.

लांब अँटेना म्हणजे चांगला अँटेना?

नाही. अँटेनाची लांबी फ्रिक्वेन्सीवर ठरते. ४४६ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ६७ सेंटिमीटर, तिचा पाव भाग १७. १५० मेगाहर्ट्झची लहर २ मीटर, पाव भाग ५० सेंटिमीटर. एकाचा अँटेना दुसऱ्याला लावला तर ताकद बाहेर न जाता सेटमध्येच परत येते, सेट तापतो.

कायदा विसरू नका

४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे सेट २०१८ च्या नियमांनुसार विनापरवाना चालतात. त्यांचा अँटेना सेटलाच पक्का असतो. तो कापून दुसरा जोडला की सूट गेलीच समजा. घेताना ईटीए मान्यता विचारा. ऑनलाइन बेकायदा विक्री वाढली म्हणून मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं त्यावर नियमावली काढली. जास्त ताकदीचा सेट हवा असेल तर आधी परवाना. त्या सेटला अँटेना बदलायचा झाला तर त्याच्याच फ्रिक्वेन्सीचा घ्या.

अँटेनावर प्रयोग करायची हौसच असेल तर हॅम रेडिओची परीक्षा द्या. १९९३ च्या किल्लारी भूकंपात याच हौशी मंडळींनी निरोप पोचवायला मदत केली होती. फक्त हॅमचा परवाना धंद्यासाठी वापरता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

आजचा गृहपाठ

कामाच्या आदल्या दिवशी दोन सेट घेऊन जागा फिरा. आवाज कुठं तुटतो ते कागदावर मांडा, आणि पोरांच्या उभं राहायच्या जागा त्यावरून ठरवा. गिऱ्हाईक तुमचा अँटेना बघत नाही, पंगत वेळेवर बसली का ते बघतं.

भेटू पुढच्या व्हिडिओत!