माशी आणि निर्ढावलेले जंतू

चांगले चाललेले काम बिघडले, की ‘माशी कुठे शिंकली?’ असे आपण सहज विचारतो. घरमाशी शिंकत नाही; परंतु आज ती ज्या कामात बिघाड करीत आहे, ते आपल्या प्राणांशी निगडित आहे. म्हणून या क्षुद्र जीवाचा परिचय विद्यार्थ्यांना करून द्यावा, असे आम्हांस वाटते.

माशीला दात नसतात. घट्ट पदार्थावर ती प्रथम लाळ व पोटातील रस ओकते आणि विरघळलेला भाग सोंडेने शोषून घेते. शेण, विष्ठा व उकिरडा या जागी ती अंडी घालते. उष्ण हवेत सात ते दहा दिवसांत अंड्यापासून माशी तयार होते. गटारावरून उठलेली माशी जिलेबीवर बसली, की तिच्या पायांवरील केसांना चिकटलेले व पोटातील जंतू आपल्या ताटात येतात. हगवण व विषमज्वर यांचे जंतू ती अशा रीतीने पसरविते.

हे जंतू आता अधिक चिवट झाले आहेत. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनचा शोध लावला. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि हे औषध आपल्या देशातच तयार होऊ लागले. परंतु औषध अपुऱ्या मात्रेत घेतल्यास जंतू निर्ढावतात, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच दिला होता. दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात व त्यांचीच प्रजा वाढते. सर्दी-पडशासारख्या विषाणुजन्य विकारांवर ही औषधे चालत नाहीत. तरीही ती घेतली जातात. कोंबड्यांनाही ती दिली जातात.

शहरांत दवाखान्याचे गटार, मांसाचे दुकान, कचऱ्याचा ढीग व मिठाईवाल्याची परात ही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असतात. माशी या सर्वांना जोडते. अनेक देशांतील माशांवर औषधांना दाद न देणारे जंतू आढळले आहेत. माशीच्या पोटात एक जंतू आपली ही शक्ती दुसऱ्यास देऊ शकतो, हेही प्रयोगांनी दाखविले आहे. असा जंतू जखमेत वा रक्तात शिरला, तर नेहमीचे औषध हात टेकते आणि साधा आजारही जिवावर बेततो.

बेल्याच्या विद्यार्थ्यांनी हे दूरच्या शहराचे संकट समजू नये. बाजारासाठी व दवाखान्यासाठी आपण आदिलाबादला जातोच; शिवाय शेणखताचे ढीग आपल्याही दाराशी आहेत. अन्न झाकावे, उकिरडा घरापासून दूर ठेवावा, शौचकूप वापरावा, हात साबणाने धुवावेत. ज्या औषधाच्या पाकिटावर उभी तांबडी रेघ असते, ते डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. घेतल्यास सांगितलेले दिवस पुरे करावेत.

गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावोगावची घाण काढली. तो खराटा आज आपण हाती घेतला, तर पिंपरीसारख्या कारखान्यांतून आलेली औषधे पुढील पिढीलाही गुण देतील.