मोबाइलमधले शेत

धाराशिव जिल्ह्यात जून महिन्यात चांगला पाऊस झाला म्हणजे आपण सोयाबीन पेरतो. काढणीला सुमारे १०० दिवस लागतात. ऊस तर वर्षभर रानात उभा असतो.

मोबाइलवर शेतीचे खेळ असतात. 'हे डे' हा त्यातलाच एक. फिनलंड देशातल्या कंपनीने तो २०१२ साली काढला. त्यात गहू २ मिनिटांत पिकतो, सोयाबीन २० मिनिटांत, ऊस अर्ध्या तासात. अवकाळी पाऊस नाही, कीड नाही. मग पोरांना गोडी लागणारच!

खेळ फुकट मिळतो. मग कंपनीला पैसा मिळतो कसा? पुढे पुढे इमारत बांधायला तासन् तास थांबावे लागते. थांबायचे नसेल तर हिरे द्यावे लागतात. थोडे हिरे फुकट मिळतात. ते संपले की खरे रुपये देऊन घ्यायचे. नगर वसवण्याच्या पुष्कळ खेळांतही असेच असते. पीक खोटे, पण पैसा खरा!

मुलांना घटकाभर खेळू द्यावे. पैसे पाठवण्याचा आपला गुप्त अंक मात्र सांगू नये. प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय फोनमध्ये असते. ती चालू करावी.

शेतीने आपल्याला धीर धरायला शिकवले. तोच धीर आपण पोरांना शिकवू या.