फुले, पाखरे आणि ऋतू : जपानी चित्रकलेचा एक पाठ

जपानच्या पारंपरिक चित्रकलेत ‘काचो-गा’ नावाचा एक स्वतंत्र प्रकार आहे. ‘का’ म्हणजे फूल, ‘चो’ म्हणजे पक्षी आणि ‘गा’ म्हणजे चित्र. ही परंपरा चीनमधून जपानात आली आणि तेथील ऋतुचक्राशी एकरूप झाली. अशी चित्रे पाहताना आपण प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी : फूल आणि पक्षी यांची जोडी केवळ शोभेसाठी नसते, बहुधा त्या जोडीतूनच ऋतू बोलत असतो.

इ.स. 1214 मध्ये कवी फुजिवारा नो तेइका यांनी बारा महिन्यांच्या फुलांवर व पक्ष्यांवर कविता रचल्या. पहिल्या महिन्यास विलो वृक्ष आणि उगुइसु हा गाणारा पक्षी, नवव्यास सुसुकी गवताचे तुरे आणि लावा, दहाव्यास शेवंती आणि क्रौंच, तर बाराव्यास हिमात उमललेला प्लम. पुढे चित्रकारांनी या जोड्या रंगवल्या. ओगाता केन्झान यांच्या मातीच्या तबकांवरही त्या अवतरल्या.

या परंपरेला निराळी खोली दिली ती इतो जाकुचू (1716–1800) यांनी. क्योतोच्या निशिकी बाजारातील भाजीव्यापाऱ्याचे हे ज्येष्ठ पुत्र. चाळिशीत त्यांनी व्यवसाय धाकट्या भावाकडे सोपवला आणि चित्रकलेस वाहून घेतले. अंगणात कोंबड्या पाळून ते त्यांचे निरीक्षण करीत. सुमारे दहा वर्षांच्या परिश्रमातून त्यांनी रेशमावर 30 चित्रे साकारली. त्यांत मोर आहेत, तसेच चिमण्या, बेडूक, शिंपले आणि किडींनी कुरतडलेली पानेही आहेत. शाक्यमुनी बुद्ध व दोन बोधिसत्त्व यांच्या तीन चित्रांसह ही सर्व चित्रे त्यांनी शोकोकु-जी या झेन विहारास अर्पण केली.

1889 मध्ये ती 30 चित्रे सम्राटाच्या घराण्याकडे गेली. बुद्ध व बोधिसत्त्वांची तीन चित्रे विहारातच राहिली. 2007 मध्ये विहाराच्या संग्रहालयात ती प्रदर्शनासाठी पुन्हा एकत्र आली. मध्यभागी बुद्ध आणि दोन्ही बाजूंस सजीवसृष्टी, अशी ती मांडणी होती.

या मांडणीतच आम्हांस या पाठाचे सार दिसते. बुद्धासमीप स्थान मिळण्यासाठी पान निर्दोष असावे लागले नाही, की पक्षी दुर्मीळ असावा लागला नाही. जाकुचूंनी चिमणीकडे मोराइतक्याच आदराने पाहिले. समतेचा विचार आपण शब्दांतून शिकतो. तो नजरेतही उतरावा लागतो, हे ही चित्रे आपणांस शिकवतात.