फुगणारे पोशाख शिवणारे हात

'विली वॉन्का अँड द चॉकलेट फॅक्टरी' (1971) या चित्रपटात च्युइंगम चघळणारी व्हायोलेट बघता बघता निळी पडते आणि टम्म फुगते. तो कॉम्प्युटरचा खेळ नव्हता. नटीच्या अंगावरच्या रबरी पोशाखात हवा भरली जात होती. आजही नाटकात, जाहिरातीत, सिनेमात असे पोशाख लागतात आणि ते कुणीतरी शिवतं.

मुलगा किंवा मुलगी हे काम शिकायचं म्हणाली, तर आधी एवढं तपासा: शिवणयंत्रावर हात बसलाय का? कारण आकार हवा देत नाही, बेतलेलं कापड देतं. गोल पोट हवं तर घागऱ्यासारख्या कळ्या कापाव्या लागतात. कळीची कड जराशी चुकली की पोटाऐवजी कोनाकोनांचं गाठोडं होतं. माया कमी ठेवली तर ऐन प्रयोगात शिवण उसवते. सपाट पाठ हवी असेल तर आतून पट्ट्या शिवून दोन्ही बाजू बांधून ठेवाव्या लागतात, नाहीतर हवा सगळ्याचा फुगाच करते.

हवा भरायच्या पद्धती मुख्यतः दोन. हलक्या नायलॉनच्या पोशाखात बॅटरीवरचा छोटा पंखा सतत हवा भरत राहतो. शिवणीतून थोडी गळली तरी चालते. पण पंख्याचा आवाज कॉलर माइकमध्ये येतो, म्हणून बोलक्या नाटकात तो फार जपून वापरावा लागतो. दुसरी पद्धत नकली कातडीखाली फुगणाऱ्या रबरी पिशव्यांची. नळीतून हवा सोडायची. 'द हाउलिंग'मधला (1981) माणसाचा लांडगा अशाच पिशव्यांनी झाला. दोन्हींत नटाला उकडतं, म्हणून पोशाख झटकन काढता आलाच पाहिजे. याबाबत तडजोड करणाऱ्याकडे मुलांना शिकायला पाठवू नका.

आता पोटापाण्याचं. कायम पगाराची नोकरी इथे क्वचितच मिळते. काम प्रोजेक्टगणिक येतं, मध्ये रिकामे महिने जातात. या एकाच कामावर घर चालेल असं मी म्हणणार नाही. पण वेशभूषा, मॅस्कॉट, जाहिरातीतले मोठे फुगे ही सगळी याच हातांची कामं आहेत. त्यामुळे पाया रुंद ठेवा: आयटीआयचा एक वर्षाचा ड्रेस मेकिंगचा अभ्यासक्रम, खारघरची निफ्ट, अहमदाबादची एनआयडी किंवा दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. सोबत एखाद्या नाट्यसंस्थेत पडद्यामागे राबायला हवंच.

या सुट्टीत फक्त एक फुगणारी बाही शिवायला सांगा. कापण्यापासून फुगण्यापर्यंतचा व्हिडिओ काढून ठेवा. काम मागायला जाताना गुणपत्रिकेआधी तोच दाखवावा लागेल.