मोटारीआधी ब्रेक

चि. सुहास,

पिंगळीहून परभणीला रोज सायकलवर जातोस आणि आता तिला बॅटरीवरची मोटार बसवणार आहेस, हे वहिनींकडून कळलं. घरचे सेकंडहँड मोटारसायकल घे म्हणताहेत. मला मात्र तुझा बेत पटला. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ भिसे यांनी बैलजोडी परवडेना म्हणून सायकलच्या सांगाड्यालाच कोळपं जोडलं आणि त्यावर शेत निंदलं. तेव्हा लोक काय म्हणतील याची काळजी करू नकोस. काळजी सायकलची कर, कारण तुझी २८ इंची काळी सायकल मोटारीसाठी बनलेलीच नाही.

तुझे ब्रेक दांडीचे आहेत. त्यांचे गुटके रिमला आतून, आऱ्यांच्या बाजूने धरतात. मोटारीसोबत येणाऱ्या पुढच्या चाकाची रिम वेगळ्या घडणीची असते, तिला ब्रेक दोन्ही कडांनी धरावा लागतो. म्हणजे मोटार बसली की पुढचा ब्रेक गेलाच म्हणून समज. शिवाय ब्रेक दाबताच मोटार बंद पडावी यासाठी मोटारीच्या किटबरोबर जे लिव्हर मिळतं, ते केबलच्या ब्रेकचं असतं. म्हणून आधी केबलचे ब्रेक बसवून घे. पावसात स्टीलच्या रिमवर गुटके कसे घसरतात, हे तुला सांगायला नको.

काळजीची दुसरी जागा पुढच्या चाकाच्या चिमट्याची. मोटार चाक पुढे ढकलते तेव्हा तिचा आस उलटा फिरू बघतो. चिमट्याच्या खाचेत तो सैल राहिला तर खाच फाकते, चाक निखळतं, आसातून येणारी वायर पिळून तुटते. हे रोखायला आसावर बसणारी आणि दुसऱ्या टोकाने चिमट्याला आवळलेली पोलादी पट्टी लागते. तिला टॉर्क आर्म म्हणतात. पैसे वाचवायला तीच वगळतात, तू वगळू नकोस.

मोटार २५० वॅटचीच घे. ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असेल तर नोंदणी नको, लायसन नको. दुकानदाराने २५० वॅटहून मोठी दाखवली तरी भुलू नकोस. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-अवर. सपाट रस्त्यावर पायडल मारत गेलास तर जाऊन-येऊन पुरते. नुसत्या मोटारीवर बसून गेलास, तर समोरचा वारा असेल त्या दिवशी बॅटरी संपेल आणि पायडल मारत घर गाठताना दमशील.

पावसाळ्यात शेतरस्त्याला काळी माती मडगार्डात दाटून चाक जाम होतं. तेव्हा मोटार रेटू नकोस, तापून जळेल. उतर, काडीने चिखल काढ. आणि मे महिन्यात बॅटरी पत्र्याच्या शेडखाली किंवा उन्हात ठेवू नकोस. घरी आल्याबरोबर चार्जिंगला लावू नकोस, आधी निवू दे. रात्रभर खाटेखाली चार्ज करणं तर अजिबात नको.

किट घ्यायच्या आधी रविवारी सायकल घेऊन ये. पुढचं चाक काढून चिमट्याची खाच मोजू, मग दुकानदाराशी बोल.

तुझा काका